लीड ग्रीन असोसिएट: टेबल पाठ आहे, तरी मॉकमध्ये गाडी अडते

प्रश्न: ताई, मी आर्किटेक्ट आहे, नोकरी सांभाळून लीड ग्रीन असोसिएटचा, म्हणजे पर्यावरणपूरक इमारतींना मिळणाऱ्या लीड सर्टिफिकेटवरच्या पहिल्या पायरीच्या परीक्षेचा अभ्यास करतेय. क्रेडिट्स (ज्या गोष्टी केल्या की इमारतीला पॉइंट मिळतात त्या) आणि पॉइंट्सचं टेबल तोंडपाठ झालंय, फ्लॅशकार्डं पण केलीत, तरी मॉक टेस्टला पासिंगच्या खालीच राहते. वाचताना सगळं येतं आणि प्रश्न समोर आला की दोन ऑप्शनमध्ये अडकते. अजून काय पाठ करू?

उत्तर: अजून काहीच पाठ करू नका, तिथेच तर गाडी अडलीये. व्ही4 मध्ये, म्हणजे लीडच्या चौथ्या व्हर्जनमध्ये, एकूण 110 पॉइंट्स आणि नव्या बांधकामात त्यातले 33 एकट्या एनर्जी अँड अ‍ॅटमॉस्फिअर या कॅटेगरीला, एवढं माहीत असलं की टेबलचं काम झालं. 40 ला सर्टिफाइड, 50 ला सिल्व्हर, 60 ला गोल्ड, 80 ला प्लॅटिनम हे मात्र डोक्यात पक्कं हवं. बाकी पेपरात विचारतात ते हे क्रेडिट आहे कशासाठी, त्यात कोण काय करतं आणि एका निर्णयाचा दुसऱ्यावर काय परिणाम होतो. म्हणून प्रत्येक क्रेडिट घ्या, त्याचा इंटेंट (हेतू) पुस्तक मिटून स्वतःच्या शब्दात एका ओळीत लिहा, जमलं नाही तर ते क्रेडिट तुम्हाला आलेलं नाही असं समजा, पॉइंट्स कितीही पाठ असोत.

मग क्रेडिट्स एकमेकांना जोडा. छताला फिकट रंग दिला की ऊन परत फेकलं जातं, हीट आयलंड (शहरी बांधकामामुळे परिसर तापणं) कमी होतो आणि एसीचा लोडही उतरतो, म्हणजे एका निर्णयात दोन कॅटेगरींचा फायदा. उलट बाहेरची ताजी हवा जास्त आत घेतली तर हवेची क्वालिटी सुधारते पण ती थंड किंवा गरम करायला वीज जास्त लागते. काच वाढवली तर डेलाइट मिळतो पण उष्णता आणि ग्लेअर (डोळे दिपवणारा उजेड) पण आत येतो. तुम्ही आर्किटेक्ट आहात, हे रोज ड्रॉइंगवर करताच, फक्त परीक्षेच्या भाषेत बघायची सवय नाहीये. दोन ऑप्शनमध्ये अडकायला होतं ते बहुतेक अशाच प्रश्नांत, कारण दोन्ही ऑप्शन तसे खरे असतात पण विचारलेल्या इंटेंटला एकच लागू पडतो.

प्रीरिक्विझिट आणि क्रेडिट यातला फरक तर अगदी पक्का करा. प्रीरिक्विझिट म्हणजे सक्तीची अट, तिला पॉइंट नसतो, पण एक जरी सुटली तरी 90 पॉइंट्सच्या बिल्डिंगलासुद्धा सर्टिफिकेट मिळत नाही. तसंच ओपीआर (ओनरला प्रोजेक्टमधून काय हवं त्याची यादी) ओनरकडून येतो, बीओडी (ते डिझाइनमध्ये कसं साधणार याची नोंद) डिझाइन टीम लिहिते आणि कमिशनिंग अथॉरिटी, म्हणजे इमारतीच्या यंत्रणा ठरल्याप्रमाणे चालतात का हे बघणारी व्यक्ती, दोन्ही तपासते, या तिघांची अदलाबदल करून केलेले ऑप्शन फार फसवे असतात. स्टँडर्ड्समध्ये अ‍ॅशरे या अमेरिकन इंजिनिअरिंग संस्थेचं 90.1 एनर्जीचं, 62.1 व्हेंटिलेशनचं, 55 थर्मल कम्फर्टचं, हे तेवढं पाठ करावंच लागतं, त्याला इलाज नाही.

आणि छोटी गणितं हाताने करा. एफटीई, म्हणजे पूर्णवेळ माणसाच्या हिशोबात मोजलेली संख्या, 8 तासांवर धरतात, म्हणजे रोज 4 तास येणारे 20 पार्टटाइम लोक म्हणजे 10 एफटीई. फ्लशची बेसलाइन (ज्याच्याशी तुलना करायची तो आकडा) 6 लिटर, तुम्ही 4.8 लिटरचा बसवला तर त्या फिक्स्चरवर 20 टक्के बचत. इमारतीच्या आतल्या पाण्याची प्रीरिक्विझिट 20 टक्केच बचत मागते, पण ती सगळी फिक्स्चर्स मिळून, हे बारकाईने बघा.

यापुढे मॉक दिली की चुकलेल्या प्रश्नाचं बरोबर उत्तर लिहून ठेवू नका, आपण निवडलेला ऑप्शन का चुकीचा होता ते लिहा. वेळ जास्त जातो, पण स्कोअर हलतो तो यानेच.

प्रश्न: पासिंगला 200 पैकी 170 लागतात, म्हणजे 85 टक्के हवेत का? ऐकूनच टेन्शन आलंय.

उत्तर: नाही हो. स्कोअर 125 पासून 200 पर्यंत असतो आणि स्केल केलेला (ठरावीक पट्टीवर बसवलेला) असतो, त्यामुळे थेट टक्केवारी काढता येत नाही. 100 प्रश्न, 2 तास, त्यातले काही प्रश्न फक्त चाचणीसाठी घातलेले असतात, गुणांत धरत नाहीत, पण कोणते ते सांगत नाहीत. निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही रिकामा सोडू नका. आणि जिथे दोन किंवा तीन उत्तरं निवडायला सांगितलीत तिथे सगळी बरोबर असतील तरच गुण मिळतो.

प्रश्न: मी इंजिनिअर नाही, कंटेंट आणि मार्केटिंगमध्ये आहे. चालेल का? आणि नंतर लगेच एपी, म्हणजे लीडची पुढची पायरी, करावी का?

उत्तर: चालेल की, ग्रीन असोसिएटला प्रोजेक्टच्या अनुभवाची अट नाही. एपीसाठी आधी ग्रीन असोसिएट पास असावं लागतं, दोन्ही पेपर एकत्रही देता येतात, पण तुम्ही ते करू नये असं मला मनापासून वाटतं. एपीचे प्रश्न ज्याने प्रोजेक्टची कागदपत्रं हाताळलीत त्याच्यासाठी असतात. आधी एखाद्या टीमबरोबर काम करा, मग बीडी प्लस सी (नवं डिझाइन आणि बांधकाम), ओ प्लस एम (चालू इमारतींची देखभाल) यातली आपल्या कामाची स्पेशालिटी निवडा. पास झाल्यावर क्रेडेन्शियल टिकवायला दर 2 वर्षांत 15 तासांचं शिक्षण लागतं, त्यातले 3 तास लीडचेच, एपीला ते 30 आणि 6 होतात. अभ्यास सुरू करायच्या आधी तुमची परीक्षा कुठल्या व्हर्जनवर आहे ते परीक्षा घेणाऱ्या जीबीसीआय संस्थेच्या हँडबुकमध्ये बघा, कारण व्ही5 एप्रिल 2025 मध्ये आलंय आणि मित्रांकडून मिळालेल्या नोट्स बऱ्याचदा जुन्या व्हर्जनच्या असतात.