ॲन खरोखर चेटकीण होती का?

प्रश्न : डॅनिश दिग्दर्शक कार्ल थिओडोर ड्रायर यांचा ‘डे ऑफ रॉथ’ (1943) हा चित्रपट पाहिला. शेवटी ॲन गुन्हा कबूल करते. म्हणजे ती चेटकीण होतीच का?

उत्तर : चित्रपट पुन्हा लावा आणि फक्त ॲनच्या डोळ्यांबद्दल कोण काय बोलतं ते ऐका. म्हातारा पाद्री नवरा ॲब्सलन म्हणतो, लहान मुलासारखे निर्मळ. सावत्र मुलगा मार्टिन तिच्या प्रेमात आहे. त्याला ते खोल, गूढ वाटतात आणि तळाशी थरथरती ज्योत दिसते. सासू मेरेटेला ते जळताना दिसतात. डोळे तेच! ॲनवर सावल्या सरकत राहतात, त्यामुळे आपणही कुणाची तरी बाजू घेऊन बसतो. ती मनात मार्टिनला बोलावते, तो येतो. तू मरावास असं वाटलं होतं, हे ती नवऱ्याला तोंडावर सांगते आणि तो कोसळतो. पण तो तर त्याआधीच मरणाच्या छायेत वावरत असतो. ड्रायर दोन्ही अर्थ शेवटपर्यंत उघडे ठेवतात. कबुली येते ती मार्टिनने साथ सोडल्यावर, शवपेटीपाशी. त्या कबुलीला पुरावा समजणं ही न्यायाधीशांचीच चूक आपण करण्यासारखं आहे.

मूळ नाटक नॉर्वेच्या हान्स वीर्स-येन्सन यांचं. त्यामागची खरी ॲन पेडर्सडॉटर बर्गनची. तिचा नवरा 1575 मध्ये वारला, त्याच वर्षी ती चेटकाच्या आरोपातून सुटली आणि 1590 मध्ये तिला जाळलं. चित्रपटाने हे सगळं 1623 च्या डेन्मार्कमध्ये, एका घरात कोंबलं आहे.

प्रश्न : चित्रपटात चेटकीण म्हणून पकडलेल्या म्हाताऱ्या हर्लोफ्स मार्टेचा छळ दाखवला तसाच होत असे का?

उत्तर : छळ होत असे, पण कायद्याने क्रम उलटा होता. डेन्मार्कमध्ये 1547 पासून शिक्षा सुनावण्याआधी छळ करायला मनाई होती. तो व्हायचा शिक्षेनंतर, साथीदारांची नावं काढायला. 1576 पासून खालच्या कोर्टाची देहदंडाची शिक्षा वरच्या कोर्टात गेल्याशिवाय अमलात आणता येत नसे. तरी अंदाजे हजार माणसं गेलीच, कारण चेटकाविरुद्धच्या 1617 च्या राजाज्ञेनंतर खटल्यांची लाट आली. चित्रपटात कबुलीसाठीच छळ होतो. कॅमेरा मात्र पाद्र्यांच्या चेहऱ्यांवरून संथ सरकतो, किंकाळ्या नुसत्या ऐकू येतात आणि म्हातारीची उघडी पाठ उशिरा दिसते. तो प्रसंग आवाज बंद करून पाहू नका, अर्धा प्रसंग आवाजातच आहे.

प्रश्न : हे गोव्याच्या इन्क्विझिशनसारखंच ना?

उत्तर : नाही. गोव्यात (1560 ते 1812, मध्ये थोडा खंड) पोर्तुगीज राजसत्तेच्या छत्राखालचं कॅथलिक धर्मन्यायालय होतं आणि त्याचा मुख्य रोख बाटल्यानंतरही जुने आचार पाळणाऱ्यांवर. डेन्मार्क लूथरपंथी (प्रोटेस्टंट), तिथले खटले राजाच्या कायद्याने, साध्या कोर्टात चालले.

प्रश्न : नाझींवरचं रूपक म्हणावं का?

उत्तर : ड्रायर नाही म्हणत. पण चित्रपट नोव्हेंबर 1943 मध्ये नाझींनी व्यापलेल्या कोपनहेगनला लागला, ज्यूंची धरपकड सुरू होऊन जेमतेम दीड महिना झाला होता. प्रेक्षकांना वेगळं सांगायची गरज नव्हती.