वाचक विचारतात: एकटं राहायचं होतं तर मठ कशाला काढला?

प्रश्न: राम राम भाऊ. पोरगी पुण्याला जर्मन शिकते, तिला कोलोनच्या सेंट ब्रुनोवर प्रोजेक्ट आलाय. माणूस म्हणे सगळं सोडून डोंगरात एकांतात गेला, आणि पुढच्याच ओळीत म्हणे त्याने मठ स्थापन केला! एकांत पाहिजे तर मठ कशाला? आमच्या सातपुड्यात बाबा लोक जातात ते एकटेच जातात. हाई काय भानगड शे? – एक वाचक, यावल

उत्तर: राम राम दादा. कार्थुसियन पंथ (त्याच्या मठापासून सुरू झालेला साधूंचा पंथ) काढायचा असं त्याच्या डोक्यात होतं असं काही दिसत नाही, साधी नियमावलीसुद्धा त्याने लिहून ठेवली नाही. जन्म १०३० च्या आसपास कोलोनचा, पण आयुष्याची बरीच वर्षं गेली फ्रान्समध्ये रीम्सला, तिथल्या कॅथेड्रलच्या शाळेचा प्रमुख होता, मोठं नाव. तिथला आर्चबिशप, म्हणजे चर्चचा मोठा अधिकारी, मनासेस पैसे चारून खुर्चीवर बसलेला, ब्रुनो त्याच्या विरोधात उभा राहिला, तर त्याने ब्रुनोचं घर लुटलं. शेवटी १०८० मध्ये पोपने मनासेसला काढलं, आणि आता ती खुर्ची ब्रुनोलाच मिळणार अशी चर्चा चालू असताना हा गडी तिथून निघालाच.

१०८४ मध्ये पन्नाशी ओलांडलेला ब्रुनो सहा जणांना घेऊन फ्रान्समधल्याच ग्रनोबलच्या बिशप ह्यूकडे गेला, त्याने शार्त्रूझच्या डोंगरातली जागा दाखवली, हजार मीटरच्या वर, हिवाळ्यात नुसता बर्फ. आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे बघा: सहापैकी चौघं धर्मगुरू, पण आंद्रे आणि गेरां हे दोघं साधे गृहस्थ, बाहेरची कामं बघायला. लाकूडफाटा, शेती, स्वयंपाक कोणीतरी करणार तेव्हाच दुसरा दिवसभर गप्प बसून प्रार्थना करणार ना! माझ्या मते निम्मं श्रेय त्या दोघांचं, पण संत म्हणून नाव लागलं एकट्याचं.

त्यांच्या मठाची रचना म्हणजे जळगावच्या रो-हाऊससारखी समजा, प्रत्येकाला वेगळं छोटं घर, खाली सरपण आणि कामाची जागा, वर प्रार्थनेची खोली, मागे उंच भिंतीची बाग म्हणजे शेजारी दिसायलाच नको. जेवण भिंतीतल्या छोट्या खिडकीतून आत, त्यात मटण कधीच नाही. झोप पण दोन तुकड्यांत, मध्यरात्री उठून चर्चला जायचं. आठवड्यातून एकदा सगळे मिळून लांब फिरायला जातात तेव्हा मात्र मनसोक्त गप्पा. पंथाचे रीतिरिवाज नीट लिहून काढले ते मठाच्या पुढच्या एका प्रमुखाने, गिगोने, ११२७ च्या सुमारास.

ब्रुनो स्वतः तिथं सहाच वर्षं टिकला, कारण त्याचाच जुना विद्यार्थी पोप झाला, दुसरा अर्बन, आणि १०९० मध्ये गुरुजींना रोमला बोलावलं, नाही कसं म्हणणार. हा गेल्यावर मागचे सगळे पांगले होते, मग त्या सहातल्याच लांदुईनच्या हाताखाली परत जमले. रोममध्ये काही त्याचं मन लागलं नाही, रेज्जो शहराचं आर्चबिशपपद देत होते तेही नको म्हणाला आणि इटलीच्या दक्षिणेला कॅलाब्रियाच्या रानात परत तसाच आश्रम केला. तिथून त्याने राऊल नावाच्या जुन्या मित्राला पत्र लिहिलं ते पोरीला वाचायला सांगा: आधी कुरणं, झरे, फळझाडं यांचं वर्णन, आणि मग हळूच, बागेत बसून आपण संसार सोडायची शपथ घेतली होती, तुझं काय झालं? राऊल काही गेला नाही, उलट पुढे त्याच रीम्सचा आर्चबिशप झाला! ब्रुनो ६ ऑक्टोबर ११०१ ला कॅलाब्रियातच वारला. शार्त्रूझची ती पहिली घरं ११३२ मध्ये हिमकडा कोसळून गेली, आताचा मठ थोडा खाली आहे.

प्रश्न: शार्त्रूझ नावाची हिरवी दारू याच साधूने काढली का? – एक वाचक, शहादा

उत्तर: नाही हो. पाककृतीचं हस्तलिखित या पंथाच्या हाती आलं १६०५ मध्ये, म्हणजे ब्रुनो जाऊन पाचशे वर्षं झाल्यावर. १३० वनस्पती घालतात आणि पूर्ण कृती मोजक्याच साधूंना माहीत असते. हिरवीत अल्कोहोल ५५ टक्के आहे, जपून.