गेटजवळचं फांद्या खाली झुकलेलं, बारमाही हिरवं झाड कोणतं? कमी पाण्यावर वाढेल का?

हा हिरवा अशोक, म्हणजे आसुपालव. मुंबईत सोसायट्यांच्या कुंपणाला हाच उंच, सरळसोट लावलेला दिसतो. पान नीट बघा: लांबट, चकचकीत, कडा नागमोडी. मार्च-एप्रिलमध्ये सहा पाकळ्यांची फिकट हिरवी फुलं येतात, कूळ सीताफळाचं. एका देठावर पानांच्या जोड्या आणि केशरी-लाल फुलांचे गुच्छ असतील, तर तो सीता अशोक, वेगळंच झाड.

पावसाळ्यात जांभळी-काळी फळं खाली पडतात. गर धुऊन बी ताजंच पेरा, ठेवून दिलं तर रुजत नाही. पहिले दोन उन्हाळे नेमानं पाणी द्या; मुळं धरली की पाण्याची ओढ सोसतो. पाणी तुंबणारी जागा मात्र टाळा. आणि शेंडा कृपया छाटू नका, सगळा डौल जातो.