काठावरचा तास

‘मला स्कूबा डायव्हिंगची मनापासून आवड आहे, पण जोडीदार पाण्यात उतरायला तयार नाही, मग समुद्रावरची सहल दोघांची कशी होणार?’ हा प्रश्न जोडप्यांची समुपदेशक म्हणून माझ्याकडे बऱ्याचदा येतो, आणि विचारणारी व्यक्ती जवळजवळ नेहमी डायव्हिंग करणारीच असते. न उतरणाऱ्याचा प्रश्न मात्र बहुधा वेगळाच असतो. तो ऐकून घ्यायला मलाही वेळ लागला, म्हणून एका जोडप्याचा अनुभव त्यांच्या परवानगीने आणि ओळखीचे तपशील बदलून इथे मांडत आहे.

त्यांना आपण मेधा आणि श्रीकांत म्हणू. दोघेही मूळचे पुण्याचे, आता न्यू जर्सीत राहणारे आणि चाळिशी ओलांडलेले. मेधाने पहिल्यांदा समुद्राचा तळ पाहिला तो तारकर्लीला. पुढे अमेरिकेत तिने रीतसर प्रशिक्षण घेतले आणि वर्षातून एक सहल समुद्राकाठीच व्हायची असे घरात ठरून गेले. श्रीकांतना पोहता येते, ते बरोबरही जातात. मात्र दर वर्षी तिकिटे काढायची वेळ आली की घरात धुसफूस सुरू होते. या वेळी कॅरिबियनमधले कोणते बेट निवडायचे यावरून गोष्ट इतकी ताणली गेली, की दोघांनी ऑनलाइन भेटीची वेळ घेतली.

पहिल्या भेटीत मी एक चूक केली. भीती आहे तर ती हळूहळू कमी करू, असे गृहीत धरून मी श्रीकांतना घराजवळच्या तलावात प्रशिक्षकाबरोबर एकदा टँक, म्हणजे पाठीवरची हवेची टाकी, लावून पाहायला सुचवले. ते ‘बघतो’ म्हणाले. ठरवलेली वेळ त्यांनी दोनदा रद्द केली, आणि त्यामुळे ‘हा प्रयत्नच करत नाही’ या मेधाच्या तक्रारीला माझ्याच सल्ल्याने बळ मिळाले.

तिसऱ्या भेटीत मी त्यांना सरळ विचारले, “तुम्हाला पाण्यात उतरायची भीती वाटते, की ती उतरल्यावर काठावर थांबायची?”

ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी मेक्सिकोतल्या कोझुमेलची हकिगत सांगितली. तिथे रीफच्या, म्हणजे प्रवाळांच्या रांगेच्या, कडेने पाण्याला जोराचा प्रवाह असतो. डायव्हर त्या प्रवाहाबरोबर वाहत जातात आणि बोट त्यांच्या बुडबुड्यांच्या मागोमाग सरकत राहते. श्रीकांत त्या दिवशी बोटीवर होते. गटातले चौघे वर आले, मेधा आली नाही. नावाडी निवांत होता, पण त्याला काय विचारावे हे श्रीकांतना समजेना. अकरा मिनिटांनी ती वर आली, आणि आली तीच कपारीतल्या पट्टेरी टोडफिश नावाच्या माशाचे वर्णन करत. तिची हवा इतरांपेक्षा जास्त उरली होती म्हणून गाइडने तिला आपल्याबरोबर थोडे थांबू दिले होते. डायव्हिंगमध्ये हे नेहमीचे आहे. रात्री जेवताना श्रीकांत हॉटेलच्या बिलावरून भांडले. त्या अकरा मिनिटांबद्दल ते त्या दिवशी बोलले नाहीत आणि पुढची चार वर्षेही बोलले नाहीत.

मेधाला हे ठाऊकच नव्हते. ती म्हणाली, “अरे, एकदा तरी बोलायचंस.” ते म्हणाले, “तू इतकी खुश होतीस.”

यानंतर बेटाचा प्रश्न सोडवणे सोपे गेले, कारण आता काय शोधायचे हे दोघांना कळले होते. मेधाच्या यादीत आधीपासून असलेले बोनेअर पुन्हा चर्चेत आले. व्हेनेझुएलाच्या उत्तरेला असलेले हे डच बेट चक्रीवादळांच्या नेहमीच्या पट्ट्याच्या दक्षिणेला आहे आणि भोवतालचा समुद्र १९७९ पासून संरक्षित आहे. श्रीकांतच्या दृष्टीने महत्त्वाचे हे, की तिथले बहुतेक डायव्हिंग बोटीवरून नव्हे, काठावरून होते. रस्त्याकडेला पिवळे रंगवलेले दगड असतात आणि त्यांवर जागेचे नाव लिहिलेले असते. भाड्याच्या पिकअपमध्ये टँक टाकायचे, दगड दिसला की थांबायचे आणि चालत पाण्यात शिरायचे. पश्चिमेचा किनारा वाऱ्याच्या आडोशाला असल्याने पाणी बहुधा शांत असते आणि प्रवाळ काठापासून जवळच सुरू होतात, त्यामुळे स्नॉर्केल, म्हणजे श्वास घ्यायची नळी, लावून वरून पाहणाऱ्यालाही बरेच काही दिसते.

तरीही नुसते बेट बदलून भागले नसते. मी मेधाला सांगितले, की पाण्याखालच्या त्या तासाचा हिशेब श्रीकांतना माहीत असायलाच हवा. एका संध्याकाळी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलावर कागद पसरून त्यांना सगळे समजावले: आपण किती खोल जातो, किती हवा उरली की वळतो, आणि वर येताना पाच मीटरवर तीन मिनिटे का थांबतो. बुडबुडे एकाच जागी स्थिर दिसले तर बहुधा ती अडकलेली नाही, खोल पाण्यात शरीरात साठलेला नायट्रोजन हळूहळू बाहेर पडावा म्हणून ठरवून थांबली आहे, हे श्रीकांतना त्या दिवशी पहिल्यांदा कळले. एकटीने कधीही उतरायचे नाही, उतरण्याआधी परतीची शेवटची वेळ सांगायची आणि हवा कितीही उरली तरी ती पाळायची, हे तिने कबूल केले. शेवटची अट तिला जड गेली, आणि ते तिने मोकळेपणाने सांगितले.

दुसरा मुद्दा दिवसांच्या वाटणीचा होता. जोडीदाराने गाडी आणि सामान राखत बसावे, अशी व्यवस्था मला मान्य नाही. त्यातून तो सहलीचा सोबती न राहता मदतनीस होतो. म्हणून डायव्हिंग फक्त सकाळी, आणि तेही गाइडबरोबर, असे ठरले. दुपारी दोघांनी मिळून बेटावरच्या लाक बे या खाडीच्या कमरेएवढ्या उथळ पाण्यात डुंबायचे, नाहीतर दक्षिणेकडच्या मिठागरांजवळ फ्लेमिंगो पाहायला जायचे. सलग काही दिवस डायव्हिंग केल्यावर विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास पाण्याखाली जायचे नसते, त्यामुळे परतीच्या आधीचा पूर्ण दिवस दोघांचाच ठेवला.

श्रीकांतनी कधी उतरून पाहायचे का, हा विषय मी बंद केला नाही, पण मेधाने तो काढायचा नाही असे ठरवले. कोणताही डायव्हर कोणत्याही क्षणी, कारण न सांगता डाइव्ह रद्द करू शकतो आणि त्याला कोणी जाब विचारत नाही, हा तिच्याच छंदातला नियम आहे. तो नियम नवऱ्यालाही लागू आहे, एवढेच मी तिला म्हणाले.

सहलीहून परतल्यावर झालेल्या भेटीत श्रीकांतनी त्यांची छोटी वही कॅमेऱ्यासमोर धरली. तिच्यात ‘उतरली ९.१०, वर १०.०२’ अशा सहा दिवसांच्या नोंदी होत्या. तिसऱ्या दिवशी ती सांगितलेल्या वेळेपेक्षा चार मिनिटे उशिरा आली, आणि त्यांनी ते काठावरच, तिचे ओले सामान उतरण्याआधीच, तिला सांगितले. टँक लावून ते उतरले नाहीत. दोन दुपारी मात्र मेधाच्या बाजूने स्नॉर्केल लावून पोहले.

वर आलेला डायव्हर काठाकडे पाहत एक हात वाकवून डोक्यावर टेकवतो, म्हणजे ‘मी ठीक आहे’. ही खूण मेधा अनेक वर्षे बोटवाल्यांना करत आली होती, श्रीकांतना तिचा अर्थ त्या टेबलावरच्या कागदामुळे कळला. आता ती वर आल्यावर आधी त्यांना शोधते आणि डोक्यावर हात ठेवते. तेही काठावरून तसाच हात ठेवतात, आणि त्यानंतर माशांच्या गोष्टी सुरू होतात.