'रटून' म्हणजे खोडवा, पिलबाग की फरदड?

भाऊ, केळीवरच्या इंग्रजी पुस्तिकेत तुम्हाला 'रटून क्रॉप' दिसलं, शब्दकोशात 'खोडवा' मिळालं, आणि चोपड्याकडे केळीला तसं कुणीच म्हणत नाही म्हणून तुम्ही अडलात. अडलात ते बरोबरच आहे. 'रटून' ऐकायला 'रेशन'सारखं वाटलं तरी रेशनशी या शब्दाचा काही संबंध नाही. तो स्पॅनिशमधल्या 'रेतोन्यो'वरून आलाय, अर्थ कोंब किंवा फुटवा. उच्चार करताना जोर 'टून'वर द्या.

पीक काढल्यावर नवी लागवड न करता त्याच बुडातून जे पुन्हा येतं ते रटून. इंग्रजीला एका शब्दात भागतं, आपण पीक बघून बोलतो. उसाचा खोडवा, केळीची पिलबाग, कपाशीची फरदड. क्रियापदही सारखं नाही: खोडवा राखतात, पिलबाग धरतात, फरदड घेतात. इंग्रजीत 'टू रटून' एवढ्यावर काम होतं, म्हणून भाषांतर करताना आधी पीक कोणतं ते बघा, मग शब्द. सोलापूरकडे केळीलाही खोडवा म्हणतात, तेव्हा शब्दकोश चुकलेला नाही. पण रावेर-यावलच्या शेतकऱ्यासाठी लिहायचं तर पिलबागच लिहा.

त्याच पुस्तिकेत 'प्लँट क्रॉप' असेल, म्हणजे नव्या लागवडीचं पहिलं पीक. त्याचं 'वनस्पती पीक' केलेलं मी वाचलंय, आणि वाचून खरंच वाईट वाटलं, कारण आपल्याकडे त्याला 'नवती' असा सुंदर शब्द रोज बाजारभावात बोलला जातो. उसात तीच 'लागण'. 'सेकंड रटून' म्हणजे उसाचा निडवा. केळीत सरळ दुसरी पिलबाग म्हणा.

'सकर' आणि रटून यांत गल्लत करू नका. सकर म्हणजे बुडाशी फुटलेलं पिल, एक रोप. अशी बरीच पिलं फुटतात. त्यातलं तलवारीसारख्या अरुंद पानांचं जोमदार पिल ठेवून बाकीची कापायची. ठेवलेल्या पिलांवर जी बाग उभी राहते ती रटून. कंद आणि मुळं आधीच जमिनीत असल्याने ती नवतीपेक्षा लवकर निसवते, म्हणजे तिचं केळफूल लवकर बाहेर पडतं. 'स्टबल' तर आणखी वेगळं: ते नुसतं धसकट, त्यातून फुटवा येवो न येवो.

कपाशीच्या मजकुरात हा शब्द बहुधा 'अव्हॉइड रटूनिंग' असा येतो. तिथे 'पुनर्वाढ टाळा' लिहिलं तर कुणाला काही कळणार नाही. 'फरदड घेऊ नका' एवढंच लिहा. वेचणी संपल्यावर पाणी देऊन पुन्हा बोंडं धरली की गुलाबी बोंडअळीला खाणं मिळत राहतं आणि ती पुढच्या हंगामापर्यंत टिकते, हे कारणही त्याच ओळीत जोडा.

पुस्तिकेतलं आणखी एखादं वाक्य अडलं तर इथेच टाका, पण पिकाच्या नावासकट.