चोरू दे मुद्दा

प्रिय,

नागपूरच्या अधिवेशनाहून परतल्यावर लिहिलेला तुझा मेल मिळाला. निराधारांच्या रखडलेल्या अनुदानावरची लक्षवेधी, म्हणजे मंत्र्याचं लक्ष वेधून उत्तर मागणारी सूचना, तू खपून तयार केलीस, ती तू ज्यांच्याकडे काम करतेस त्या विरोधी बाकावरच्या आमदारबाईंच्या नावावर लागलीच नाही. सत्ताधारी बाकावरच्या एकाने तोच मुद्दा पुरवणी मागण्यांच्या चर्चेत मांडला आणि मंत्र्यांकडून आश्वासन पदरात पाडून घेतलं. वर संध्याकाळी ते गृहस्थ आणि तुझ्या बाई एकाच टेबलावर चहा पिताना दिसले. ‘मग आपण कुणासाठी राबतो?’ असं तू विचारतेस.

ज्या म्हातारीचं अनुदान अडलंय तिच्यासाठी, अगं. आणखी कुणासाठी?

मुद्दा चोरीला गेला म्हणतेस. चोरू दे. विरोधी बाकावरून मागितलेली गोष्ट सरकारने दिली तर सरकार नमलं असं दिसतं, म्हणून मंत्री ती देत नाही. तीच त्याच्या पक्षाच्या आमदाराने मागितली की देता येते. याची चीड यायला हवी, मलाही येते. पण चीड आली म्हणून मागणी आपल्याच मुठीत धरून बसायचं, हे मला कधी पटलं नाही.

रोजगार हमीचा, म्हणजे मागेल त्याला काम देण्याच्या योजनेचा, इतिहास तू वाचला असशीलच, पण बहुधा योजना म्हणून वाचला असशील. राजकारण म्हणून वाच. कल्पना वि. स. पागे यांची, ते काँग्रेसचे, विधान परिषदेचे सभापती. १९७२च्या दुष्काळात कामासाठी, मजुरीसाठी मोर्चे काढले ते शेतकरी कामगार पक्ष (शेकाप), समाजवादी, कम्युनिस्टांनी. योजना सुरुवातीला शासनाच्या आदेशावर चालत होती, आणि आदेशाने आलेलं आदेशाने जातं. म्हणून कायदा हवा होता. १९७७ साली तो एकमताने मंजूर झाला. अंमल सुरू झाला २६ जानेवारी १९७९ला. मधल्या काळात काय झालं? काँग्रेसचे मुख्यमंत्री वसंतदादा पाटलांचं सरकार पडलं आणि पुलोद, म्हणजे शरद पवारांची पुरोगामी लोकशाही दल आघाडी, सत्तेवर आली. म्हणजे एका सरकारने केलेला कायदा त्याला पाडून आलेल्या सरकारने लागू केला! त्यांना तो गुंडाळून ठेवता आला असता. ठेवला नाही, कारण तो त्यांचाही होता. पैशाची तजवीजही आधीच झाली होती: १९७५पासून नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर, आणि तेवढीच भर राज्याची.

दिल्लीतही तसंच घडलं. रोजगार हमीचं विधेयक काँग्रेस आघाडीच्या सरकारचं. ते संसदेच्या ज्या स्थायी समितीकडे गेलं तिचे अध्यक्ष भाजपचे कल्याणसिंह. समितीने ते लटकवलं नाही, उलट फक्त दारिद्र्यरेषेखालच्यांपुरतं ठेवू नका म्हणून सांगितलं. २००५चा कायदा त्या दुरुस्तीसकट झाला.

आता त्या चहाबद्दल. तुझा संशय अगदीच खोटा नाही. दिवसा भांडायचं आणि रात्री एकत्र बसून कंत्राटाची टक्केवारी वाटून घ्यायची, अशी मैत्री मी जवळून पाहिली आहे. तिला मैत्री म्हणू नकोस. ओळखायची खूण सोपी आहे: चहाच्या टेबलावर ठरलेलं काम ठेकेदाराचं आहे की म्हातारीचं? तुझ्या बाईंना ते सरळ विचार. चिडल्या तर चिडू देत.

खरी मैत्री सभागृहात होत नाही, समितीच्या दौऱ्यात होते. विधिमंडळाच्या रोजगार हमी समितीत दोन्ही सभागृहांचे, सगळ्या पक्षांचे सदस्य असतात. पाझर तलावाच्या बांधावर उभं राहून मस्टरवर, म्हणजे मजुरांच्या हजेरीपटावर, मेलेल्या माणसाचा अंगठा एकत्र पाहिला की पक्ष आठवत नाही. मी आमदार असताना माझा समोरच्या बाकावरचा मित्र मला असाच मिळाला. माझ्या कितीतरी दुरुस्त्या त्याने स्वतःच्या नावाने मंजूर करून घेतल्या, माझ्याच सांगण्यावरून. मी त्याचं नाव कधी जाहीरपणे घेतलं नाही. घेतलं असतं तर त्याची उमेदवारी गेली असती. तो गेला तेव्हा मी सभागृहात नव्हतो, त्यामुळे शोकप्रस्तावावरही बोलता आलं नाही. त्याच्याबद्दल बोलले ते त्याच्याशी धड दोन वाक्यं न बोललेले लोक. ही सल अजून गेलेली नाही.

उमेदवारी शेवटी माझीच गेली. पक्षाने सभात्याग केला त्या दिवशी माझी मजुरांच्या थकीत मजुरीवरची अर्ध्या तासाची चर्चा लागलेली होती. मी बसून राहिलो, बोललो, उत्तर घेतलं. बाहेर पडलो तर ‘हा मॅनेज झाला’ अशी कुजबुज सुरू झाली होती. अजूनही कुणी कुणी म्हणतं. म्हणोत. बाहेर पायऱ्यांवर घोषणा देऊन मजुराला दमडी मिळाली नसती. आज तोच प्रसंग आला तरी मी बसूनच राहीन, आणि हे मी तुला पटवतोय की स्वतःला, याचा फार विचार करू नकोस.

मात्र गोड बोलून सगळं होतं असंही समजू नकोस. शेकापचे गणपतराव देशमुख सांगोल्यातून अकरा वेळा निवडून आले, बहुतेक काळ विरोधात बसले. त्यांना मान होता तो आकडे आणि नियम तोंडपाठ असल्यामुळे, आवाज मऊ असल्यामुळे नव्हे. मित्राच्या खात्यात घोळ असेल तर त्याच्यावरही प्रश्न टाकायचा. फक्त आदल्या दिवशी त्याला सांगून टाकायचा.

तेव्हा रुसवा सोड. मंत्र्याने सभागृहात दिलेलं आश्वासन आश्वासन समितीकडे जातं, पण पाठपुरावा केला नाही तर तिथेच पडून राहतं. कार्यवृत्तातून त्याचा नेमका मजकूर काढ. तुझ्याकडची तालुकानिहाय प्रलंबित प्रकरणांची यादी त्या सत्ताधारी आमदाराच्या स्वीय सहायकाला दे, सगळीच्या सगळी, हातचं काही राखून न ठेवता. पत्र त्यांच्या लेटरहेडवर जाऊ दे. मसुदा तू कर, आणि पाठवण्याआधी एकदा मला दाखव. तुझ्या लक्षवेधीत शासन निर्णयाची तारीख चुकली होती.

तुझा,
काका