वडील हेल्पर, मी इंजिनिअर; मग विषमता वाढली कशी?

प्रश्न : सर, माझे वडील अंबडच्या एमआयडीसीत हेल्पर होते. सिडकोच्या दोन खोल्यांत आम्ही पाच जण राहायचो. आज मी इंजिनिअर आहे, इंदिरानगरला फ्लॅट घेतलाय. तरी विषमता वाढल्याचं वाचतो. मग आमचं वर येणं कुठे मोजतात? – एक वाचक, नाशिक

उत्तर : तुम्ही दोन वेगळ्या गोष्टी विचारताय : लोकांमधली दरी आणि एखाद्या घराचं वर-खाली होणं. विषमता मोजायला जिनी गुणांक वापरतात. इटलीच्या कोर्रादो जिनींनी तो 1912 मध्ये मांडला. सगळ्यांना सारखं मिळालं तर शून्य, सगळं एकाच्याच पदरात पडलं तर एक. पण यंदाचा इंजिनिअर कालच्या हेल्परचा मुलगा आहे, हे त्या आकड्याला दिसत नाही. त्यासाठी त्याच घराचं दार पुन्हा वाजवावं लागतं. आपल्या सरकारी राष्ट्रीय नमुना पाहणीत घरखर्च विचारायच्या दर फेरीला घरं नवी असतात. शिवाय श्रीमंतांची शिल्लक खर्चात येत नाही, म्हणून दरी कमी भासते. भारत मानव विकास सर्वेक्षण मात्र 2004-05 मध्ये 41 हजारांवर घरी गेलं आणि 2011-12 मध्ये त्यातल्या बहुतेक घरी परत गेलं.

तेवढ्यानेही भागत नाही. मी निफाडकडचा. लासलगावला कांदा घालून आले की वडील विक्रीची पट्टी लाल वहीत डकवायचे. एका साली कांद्यावर कर्ज फिटून विहिरीवर मोटार बसली. पुढच्या साली ट्रॅक्टरचं भाडंही सुटलं नाही. पाहणीवाले तेव्हा आले असते तर एकदा आम्ही सुखवस्तू ठरलो असतो, एकदा गरीब. घर तेच, पाच एकर तीच! म्हणून चार-पाच वर्षांची सरासरी धरल्याशिवाय वर गेलेला आणि खाली आलेला ओळखू नये, असं माझं ठाम मत आहे.

आता तुमचं. वडिलांच्या पगारात महागाई मिळवून बघा, तुम्ही नक्की पुढे आहात. अमेरिकेत अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं : 1940 मध्ये जन्मलेल्यांपैकी सुमारे 90 टक्के आई-वडिलांपेक्षा जास्त कमावते झाले, 1980 मध्ये जन्मलेल्यांपैकी जेमतेम निम्मे. पण सगळ्यांचीच कमाई वाढली तर रांगेतली जागा तीच राहू शकते. ती एकट्या तुमच्यावरून कळणार नाही. सिडकोच्या शाळेत तुमच्या बाकावर, मागच्या बाकावर बसणारे आज काय करतात? त्यांच्या वडिलांचं काम आणि त्यांचं काम, एवढं लिहून पाठवा. वर्ग पुरा झाला तर फारच छान.